युरियाची गोणी आणि संत्र्याची साल

14 जानेवारी, काटोल
आज संत्र्याच्या आंबिया बहाराचा पाण्याचा ताण तोडला. आळ्यांत शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळली, स्फुरद सगळे दिले, नत्राचा हप्ता मात्र अर्धाच. उरलेला फळधारणेनंतर. नोव्हेंबरातल्या फळाची साल कशी असेल, ते ठरायला आजपासूनच सुरुवात होते.

3 मार्च
माती परीक्षणाचा अहवाल आला. सामू आठाच्या वर, चुनखडीही बरीच. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. म्हणून नवतीची पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात, फळ बारीक राहते. अहवालात पालाश, म्हणजे पोटॅश, भरपूर दिसतो. पण आपली काळी चिकण माती तो थरांत धरून ठेवते. जमिनीत आहे म्हणजे झाडाला मिळतोच, असे नाही. पानांचे पृथक्करण त्यासाठीच हवे. झिंक सल्फेट चुन्याच्या निवळीसोबत फवारायला घेतले.

22 जुलै
बांधावर शेजारचे काकाजी भेटले. म्हणाले, "युरिया टाकला का झाड कसं हिरवंगार होते, पाय!"
होते, खरे आहे. पण तो हिरवेपणा पानांचा. जास्तीच्या नत्राने झाड नवतीच काढत राहते, फळाची साल जाड आणि खरबरीत होते, रंग उशिरा चढतो. काकाजींना तरी दोष कसा देऊ? 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, पोटॅशला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. स्वस्ताईच शेतकऱ्याला चुकीच्या गोणीकडे ओढते. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

9 सप्टेंबर
पावसाची उघडीप. सल्फेट ऑफ पोटॅश दिले. म्युरेट ऑफ पोटॅश टाळले, कारण त्यातले क्लोराईड संत्र्याला सोसत नाही. पोटॅशचाही अतिरेक नकोच. त्यानेही साल जाडावते, आंबटपणा वाढतो.

20 नोव्हेंबर
तोडणी सुरू. रात्री गारठल्या तसा रंग चढला. काकाजींच्या बागेतले एक फळ आणि आमचे एक, दोन्ही कापली. त्यांचे आकाराने मोठे, पण साल जाड, देठाकडे हिरवट आणि रस कमी. आमचे पातळ सालीचे, वजनदार. कळमना बाजारातला व्यापारीही फळ आधी हातात तोलून पाहतो.
बागायतदार मित्रांनो, पुढच्या बहाराला युरियाची गोणी उचलण्याआधी माती आणि पाने तपासून घ्या. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्या नागपुरातच, अमरावती रोडवर आहे.