भुतांच्या डोक्यावरची टोपली

थायलंडच्या ईशान्येला, लाओसच्या सीमेला टेकून लोई प्रांत आहे आणि त्यात दान साय नावाचा डोंगराळ तालुका. उतारावर मका, सखलात भात, मधून वाहणारी मान नदी. पोस्टरवरचा निळा समुद्र इथून फार लांब. बोलीसुद्धा बँकॉकपेक्षा लाओला जवळची.

अशा सरहद्दीवरच्या मुलखाला दोन्हीकडच्या राजांची मर्जी सांभाळावी लागते. इथे मात्र राजांनीच एकमेकांची सांभाळली. ब्रह्मदेशाच्या बयिन्नौंगची धास्ती दोघांनाही होती, म्हणून १५६० साली थाई अयुथ्थयाचा महाचक्रफत आणि लाओ लान सांगचा सेत्थाथिरात यांनी दोस्ती केली आणि तिची खूण म्हणून फ्रा थात सी सोंग राक हा विटांचा स्तूप उभारायला घेतला. दोस्ती फारशी कामी आली नाही. १५६९ मध्ये अयुथ्थया पडलंच. दोन्ही राज्यं गेली, स्तूप राहिला. त्याच्या आवारात लाल कपडे घालून जायचं नाही. लाल म्हणजे रक्त, ते मैत्रीच्या जागी नको, असं सांगतात. शेंदराशिवाय देव न ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना हे चमत्कारिक वाटेल. लोक तिथे मेणाच्या फुलांनी सजवलेली छोटी झाडं वाहतात.

एका रंगाबाबत एवढं काटेकोर असलेलं हे गाव बाकी बाबतीत किती मोकळं असावं! बहुधा जून-जुलैत बुन लुआंगचा उत्सव येतो. तारीख पंचांग ठरवत नाही, चाओ फो कुआन हा अंगात येणारा मानकरी ठरवतो. पर्यटकांनी त्याच्या कलाने घ्यायचं, आणि मला तरी हे फार आवडतं. पहाटे मान नदीवर जाऊन उपगुप्त भिक्खूंना आवाहन करतात आणि त्यांचं प्रतीक म्हणून नदीतला दगड वाजतगाजत वात फोन चाय मंदिरात आणतात. मग रस्त्यावर भुतं उतरतात. फी ता खोन म्हणतात त्यांना.

भूत जवळून पाहावं. डोक्यावर चिकट भात वाफवायची बांबूची टोपली, कडा वर वळवून टोपीसारखी केलेली. चेहरा म्हणजे नारळाच्या झावळीचा देठाकडचा रुंद भाग, त्याला डोळ्यांची भोकं आणि लाकूड कोरून केलेलं लांबलचक नाक. अंगात चिंध्यांचा झगा, कमरेला गुरांच्या गळ्यातल्या घंटा, हातात लिंगाच्या आकाराची लाकडी तलवार. ती कुणाच्याही पुढे नाचवली जाते. पाऊस पडावा, शेत पिकावं, यासाठी एवढा चावटपणा चालतो.

मूळ कथा वेस्सन्तर राजपुत्राची. हत्ती, मुलं, बायको, सगळं दान करून बसलेला हा राजपुत्र वनवासातून परतला, तेव्हा निरोप द्यायला रानातली भुतंही मागोमाग नगरात आली म्हणे. हीच जातककथा अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात रंगवलेली आहे. आपण तिच्यासमोर उभं राहतो, पण मिरवणूक काढत नाही.

पूर्वी उत्सव संपला की मुखवटे नदीत सोडून देत. आता ते नीट रंगवतात, जपून ठेवतात, विकतातही. हौसेला पैशाची जोड मिळाली, त्यात वाईट काही नाही. पण दर वर्षी नव्याने घडवल्या जाणाऱ्या ओबडधोबड भुतात जी मस्ती असेल, ती दुकानातल्या चकचकीत भुतात कशी येणार? शेवटच्या दिवशी देवळात वेस्सन्तराचे तेराही अध्याय वाचतात आणि भाविक ते बसून ऐकतात. तेवढं तरी अजून कुणी विकायला काढलेलं नाही.