शिकाऱ्याचं धनुष्य अन् आपली जागल



सोयाबीन शेंगा भरण्यात आहे आणि रानडुकरांचा फेरा रोजचा झाला आहे. परवा जागलीला निघताना पुतण्यानं मोबाईल पुढे केला. व्हिडिओत एक अमेरिकन माणूस झाडावर बसून, चाकं लावलेल्या धनुष्यानं डुक्कर पाडतो. पुतण्या म्हणे, "मोठेबाबा, हे ऑनलाईन भेटते म्हणतात. आवाज नाही, धूर नाही. एक बोलावून घेऊ काय?"

प्रश्न त्या एकट्याचा नाही. आमच्या वाशिम जिल्ह्यात मला आणखी दोन-चार पोरांनी हेच विचारलं. नुसतं "नाही" म्हटलं तर पोरं ऐकत नाहीत, म्हणून हे धनुष्य काय आहे, कसं बदलत गेलं आणि आपल्या वावरात त्याचं काय काम, ते जरा सविस्तर लिहितो. लेख लांब आहे, जागलीवर बसून वाचा.

आधी आपल्याकडचं. आमच्या गावाच्या कडेला एक आदिवासी बाबा राहत. त्यांच्याकडे तिरकामठा होता. बांबू चांगला तीन वर्षांचा, पक्का झालेलाच घ्यायचे. कोवळा बांबू वाकतो पण परत उसळत नाही. तो चिरून, तासून, चुलीवरच्या धुरात वाळवत. दोरी अंबाडीच्या वाखाची, पिळून पिळून केलेली. एक गोष्ट त्यांनी आम्हा पोरांना सांगितलेली अजून ध्यानात आहे. काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. "बांबू रातभर ताणून ठेवला तं तो वाकडाच रायते बाप्पा, त्यालेही झोप पाह्यजे." आज मोठमोठे तिरंदाजही लाकडी धनुष्याबद्दल हेच सांगतात.

नंदुरबार-धुळ्याकडच्या सातपुड्यात भिल्लांचं धनुष्य तर आणखी साधं. धनुष्यही बांबूचं आणि दोरीसुद्धा बांबूच्याच पातळ सालीची. एका बेटातून अख्खं हत्यार. 'भिल्ल' हा शब्दच द्राविडी भाषांतल्या 'बिल', म्हणजे धनुष्य, या शब्दावरून आला असं अभ्यासक मानतात.

पण आपल्या वऱ्हाडात ज्यांचं पोटच शिकारीवर होतं, त्या फासेपारध्यांचं हत्यार धनुष्य नव्हतं. नावातच आहे, फासे. जनावराची वाट, वारा, पाणवठा ओळखून फास मांडायचे आणि गाय-बैलाच्या आडोशानं हळूहळू हरणांच्या कळपाजवळ जायचं. हत्याराच्या जोरापेक्षा जनावराची माहिती मोठी, हे त्यांच्याएवढं कोणाला कळलं नसेल. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, तो १९५२ मध्ये पुसला गेला, निदान कागदावर. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. आज याच समाजातली काही माणसं अकोला-वाशिमकडच्या गवताळ रानात तणमोर पक्षी राखण्याच्या कामात आहेत. ज्यानं जनावर ओळखलं, तोच ते राखूही शकतो.

शेतकऱ्याचं हत्यार वेगळं होतं. आमच्या घरी गोफण होती आणि एक दोन दोऱ्यांचा कमठा होता. दोन दोऱ्यांच्या मध्ये विणलेली छोटी पट्टी, तिच्यात मातीची वाळवलेली गोळी धरून मारायची. त्यानं कोणी मरत नव्हतं. पाखरं उठायची, माकडं पळायची. आपलं काम तेवढंच होतं, हुसकावणं. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

आता त्या व्हिडिओतल्या धनुष्याकडे येऊ. अमेरिकेत तर बंदुका घरोघरी, मग तिथला माणूस धनुष्याकडे परत का गेला? १९११ साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा एक आदिवासी डोंगरातून एकटाच खाली आला. त्याची यही जमात गोऱ्यांच्या हल्ल्यांत संपली होती, हा शेवटचा उरला होता. सॅन फ्रान्सिस्कोत सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरशी त्याची दोस्ती झाली. इशीनं डॉक्टरला धनुष्य करायला, बाण करायला, जनावराजवळ जायला शिकवलं. इशीचं धनुष्य जुनिपरच्या लाकडाचं, पाठीवर जनावराच्या स्नायूंच्या तंतूंचा थर दिलेलं. १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. १९२३ मध्ये पोपनं या विद्येवर पुस्तक लिहिलं, ते वाचून हजारो लोक धनुष्याकडे वळले. म्हणजे आजच्या या सगळ्या शौकाच्या मुळाशी एक आदिवासी गुरू आहे. आपल्याकडे एकलव्याचा अंगठा घेतला, तिथे तर जमातच संपवली आणि मग विद्या घेतली.

त्यानंतर हत्यार भरभर बदललं. मिशिगनमध्ये फ्रेड बेअरनं १९३३ मध्ये धनुष्याचा कारखाना काढला. १९५० च्या आसपास लाकडाला दोन्ही बाजूंनी फायबरग्लासचे थर लावायला लागले. पावसात लाकूड फुगायचं, उन्हात तडकायचं, ती कटकट गेली. टोकं पुढच्या बाजूला वळवलेलं रिकर्व्ह धनुष्य लोकांच्या आवडीचं झालं, कारण लांबी कमी आणि जोर जास्त. ऑलिम्पिकमध्ये आजवर हाच प्रकार दिसतो. बाणही बदलले. लाकडाचे गेले, ॲल्युमिनियमचे आले, मग कार्बनचे.

खरी उलथापालथ केली मिसूरीच्या हॉलिस ॲलननं. १९६६ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. धनुष्याच्या टोकांना त्यानं आसाच्या मधोमध न बसवलेली चाकं लावली आणि दोरी त्यांवरून फिरवली. हेच कंपाउंड धनुष्य.

याची गंमत आपल्या हिशेबात सांगतो. साठ पौंडांचं धनुष्य म्हणजे ओढायला साधारण २७ किलोचा जोर. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्या अर्ध्याहून जास्त. साध्या धनुष्यात दोरी जेवढी मागे न्याल तेवढा भार वाढतो, आणि नेम धरायच्या वेळी तो सगळ्यात जास्त असतो. हात थरथरतो, नेम हलतो. कंपाउंडमध्ये चाक फिरलं की शेवटी भार उतरतो, ऐंशी टक्क्यांपर्यंत. म्हणजे नेम धरताना हातावर पाच-साडेपाच किलोच राहतात. पिशवी धरल्यासारखं धरून शांतपणे नेम घ्या. दोरीही बोटांनी न सोडता छोट्या यंत्राची कळ दाबून सोडतात. काही यंत्रांची कळ अंगठ्यानंच दाबायची असते.

तर साठ-सत्तर वर्षांत धनुष्याची सुधारणा झाली ती मुख्यतः एका गोष्टीसाठी. एका माणसानं, एका जनावरावर, एक नेम शांतपणे धरावा. तेवढ्यासाठी हे यंत्र फारच चांगलं आहे.

आपल्या पोरांनी ते सिद्धही केलं. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. ओजसनं अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. आपल्या शेजारच्या बुलडाण्याचा प्रथमेश जावकर त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात माइक श्लोसरसारख्या बलाढ्य तिरंदाजाला हरवून सुवर्णपदक घेऊन आला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतो आहे. पोराला धनुष्याचा नाद असेल तर वाट ही आहे. चांगल्या प्रशिक्षकाकडे पाठवा.

आता वावरात का नाही, ते सांगतो.

पहिलं, कायदा. जनावर मारणंच नव्हे, मारायचा प्रयत्न, फास लावणं, विष घालणं, जखमी करणं, हे सगळं शिकारीतच धरलं जातं. रोही आणि रानडुकराबाबत आपल्या राज्यात वनखात्याकडून परवानगी घ्यायची तरतूद आहे, पण ती अटी-शर्तींची आहे. घरी धनुष्य आलं म्हणून परवानगी आली असं होत नाही. व्हिडिओतला माणूस ज्या कायद्यात बसतो, तो आपला कायदा नाही.

दुसरं, बाणाचं काम गोळीसारखं नसतं. बाणानं जनावर रक्तस्रावानं मरतं. चांगला बसला तरी ते पळतं, आणि जाणता शिकारी अर्धा-एक तास थांबून मग माग काढतो. बाण सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास जातो, आवाज अकराशे फूट. म्हणजे दोरीचा आवाज जनावराला आधी पोचतो, ते दचकून हलतं आणि बाण भलतीकडेच लागतो. म्हणून तिथले शिकारी वीस-चाळीस यार्डांपलीकडे सहसा मारत नाहीत. आता डोक्याएवढी तूर, काळोखी रात्र आणि पोटात बाण घुसलेलं डुक्कर डोळ्यांसमोर आणा. सकाळी त्याच तुरीत आपल्या बाया निंदायला जाणार. जखमी डुक्कर काय करते, हे ज्यानं पाहिलं त्याला सांगायची गरज नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मोकाट डुकरं वर्षभर मारायची मुभा आहे. बंदूक, धनुष्य, हेलिकॉप्टर, सगळं वापरून झालं. तरी तिथे डुकरं लाखांच्या संख्येत आहेत आणि पिकांची नासाडी चालूच आहे. मादी एका वेताला चार-सहा पिल्लं देते. एक बाण, एक डुक्कर, हा हिशेब त्यापुढे टिकत नाही.

शिकाऱ्याला एक संध्याकाळ बसायचं असतं. डुक्कर नाही आलं तर तो घरी जाऊन झोपतो. आपल्याला पेरणीपासून काढणीपर्यंत रोज रात्र आहे. मग त्याचं हत्यार आपल्या कामाला कसं येणार?

आपली हत्यारं का बदलली, तेही पाहा. पूर्वी खरिपात ज्वारी होती. ज्वारीचा वैरी पाखरू. ते दिवसा येतं, डोळ्याला दिसतं, म्हणून मचाण आणि गोफण पुरत होती. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, रब्बीत हरभरा वाढला. वैरी बदलला. डुक्कर रात्री येतं, कळपानं येतं. गोफणीचा दगड अंधारात कुठे मारणार? मग डबे वाजवले, फटाके फोडले, जुन्या साड्या बांधल्या, भोंग्यावर कुत्र्याचा आवाज लावला. आठ-पंधरा दिवसांत जनावर त्याला सरावतं, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

या कंटाळ्यातूनच माणूस लाईनचा सरळ करंट तारेत सोडतो. कृपा करून तसं करू नका. विदर्भात दरवर्षी त्यात माणसं मेल्याच्या बातम्या येतात, कधी शेजारी, कधी स्वतःचाच माणूस. डुक्कर परवडलं.

झटका मशीन वेगळं. बॅटरी-सोलरवर चालतं, साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा झटका देतं, जनावर मरत नाही, धडा घेतं. माझ्या वहीतल्या चार नोंदी देतो.

१. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरावर पाहिजे. ते नाकानं उकरत येतं. रोहीसाठी वरची तार चार-पाच फुटांवर.

२. तारेला गवत टेकलं की झटका मरतो. आठवड्याला एकदा कडेनं विळा फिरवा.

३. अर्थिंग चांगलं नसेल तर महागडं मशीनही वाया. रब्बीत जमीन सुकते, तेव्हा अर्थिंगच्या सळईजवळ पाणी टाकत जा.

४. मशीन पीक पेरल्याबरोबर सुरू करा. कळपाला एकदा चव लागली की तो तार तोडूनही येतो.

नुकसान झालंच तर फोटो काढून त्याच दिवशी वनखात्याला कळवा, पंचनाम्याच्या मागे लागा. उशीर केला की हाती काही लागत नाही.

ॲलननं चाकं लावून हातावरचा भार उतरवला, म्हणून त्याचं धनुष्य जगभर गेलं. आपला भार हातावर नाही, झोपेवर आहे. जे साधन आपल्याला रात्री चार तास निवांत झोपू देईल, ते आपल्या कामाचं. सामूहिक कुंपण केलं, दहा-बारा जणांनी मिळून एकाच घेऱ्यात वावरं घेतली, तर खर्चही वाटला जातो आणि जागलही. कोणत्या गावानं असं केलं असेल तर तारा किती लावल्या, एकरी खर्च किती आला, डुकरं खरंच थांबली का, हे खाली लिहा. अर्धवट जमलं असेल तरी लिहा. कृषी खात्यातले आणि कृषी विज्ञान केंद्रातले जाणकार वाचत असतील तर तारांच्या अंतराबद्दल दुरुस्ती सुचवा. हरभऱ्याच्या पेरणीआधी सगळ्यांच्या उपयोगी पडेल.