दादीअम्मांच्या ओव्या आणि एक छोटा माईक

आम्ही नगरच्या मुकुंदनगरात राहणारे चौघे भाऊ. रबीउल अव्वलमध्ये नातचे कार्यक्रम करतो, एरवी लग्नकार्यात बोलावणे येते. आमचा जुना डायनॅमिक माईक दफच्या साथीला पुरून उरतो. पण यंदा गरज वेगळी होती.

दादीअम्मांचे माहेर श्रीगोंद्याचे. 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिणाऱ्या संत शेख महंमदांचे हे गाव. लहानपणी जात्यावर ऐकलेल्या मराठी ओव्या दादीअम्मांना पाठ आहेत. आमच्या घरात त्या कोणी उतरवून घेतलेल्या नाहीत. वय ऐंशीच्या पुढे, आवाज अगदी बारीक. जुन्या माईकवर तो उचलायला आवाज वाढवला की पंख्याची घरघरही वाढे. पैसे एकाच माईकपुरते होते, म्हणून घरच्या रेकॉर्डिंगला आणि स्टेजलाही चालेल असा छोटा कंडेन्सर माईक घ्यायचे ठरले.

दोन्हींतला फरक साधा आहे. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचे वेटोळे चिकटलेले असते. ते ओझे घेऊन पडदा हलतो. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्यामागे एक स्थिर पट्टी असते. दोघांतले अंतर बदलले की विजेचा संकेत बदलतो. पडदा हलका, म्हणून श्वाससुद्धा टिपतो. १९१६ मध्ये अमेरिकेत ई. सी. वेंटे यांनी हा माईक तयार केला. १९६२ मध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी विद्युतभार कायम धरून ठेवणारा पडदा वापरून तो लहान व स्वस्त होण्याची वाट मोकळी केली.

दुकानात आम्ही आपला मिक्सर सोबत नेला. अशा माईकला बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा केबलमधूनच लागतो. मिक्सरवर ते बटण नसेल तर माईक मुकाच राहतो. दुसरे पाहिले ते आवाज घेण्याची दिशा. समोरचा आवाज घेणारा आणि मागचा टाळणारा कार्डिऑइड निवडला, म्हणजे स्टेजवरचा मॉनिटर माईकच्या पाठीमागे ठेवला की शिट्टी कमी वाजते. तिसरे, दफचा दणका सोसण्यासाठी आवाज दहा डेसिबलने कमी करणारी कळ. आणि चौथे, पंखा-जनरेटरची खालची घरघर कापणारी कळ. ब्रँडचे नाव आम्ही शेवटी विचारले.

रेकॉर्डिंग इशाच्या नमाजनंतर केले. पंखा बंद, खिडकीवर आणि समोरच्या भिंतीवर गोधड्या टांगलेल्या. माईक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला ठेवला, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका बसत नाही. स्टेजवर तो स्टँडवरच राहतो, हातात घेतला की खरखर येते. काम झाले की डबीत, सोबत ओल शोषणारी पुडी.

त्या रात्री अकरा ओव्या मिळाल्या. बाराव्या ओवीचा पहिला चरण आला, दुसरा दादीअम्मांना आठवला नाही. मागच्या रमजानमध्ये ती त्यांनी पूर्ण म्हटली होती.

म्हणून वाचक भगिनी-बंधूंना एवढेच सांगणे, की माईकची वाट पाहू नका. बंद खोलीत जवळ धरलेला मोबाईलही चालेल. घरातल्या थोरांना आजच बसवा आणि बोलते करा. चांगला माईक पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, घेता येईल.