नावडत्याचं मीठ अळणी

खेळावर जीव टाकणारा माणूस न्यायनिवाड्याच्या कामाचा नाही, असं माझं हल्ली पक्कं मत होत चाललंय. एरवी भाजीवाल्याने दहा ग्रॅम कमी दिलं तर भांडणारे आपण, लाडक्या खेळाडूने काटा मारला की लगेच वकीलपत्र घेतो. आणि नावडत्याने काही न करताही त्याला फाशी देऊन मोकळे होतो!

नावडता होण्यासाठी गुन्हा करावाच लागतो असं नाही. 1986-87 च्या सुमाराला आमच्या घरात इव्हान लेंडलचं नाव काढायची सोय नव्हती. आजीला टेनिसमधलं ओ की ठो कळत नसे, पण "तो न हसणारा हरला का रे?" एवढं मात्र ती आवर्जून विचारायची. लेंडलने आठ ग्रँड स्लॅम जिंकली. मेहनत अशी की बघणाऱ्याला घाम फुटावा. पण विम्बल्डनच्या फायनलला तो 1986 मध्ये बेकरकडून आणि 1987 मध्ये पॅट कॅशकडून हरला, तेव्हा आमच्याकडे चक्क आनंदीआनंद होता. बिचाऱ्याचा अपराध काय, तर तो यंत्रासारखा जिंकायचा आणि आमच्यासाठी हसायचा नाही. बेकर कसा, गवतावर लोळण घ्यायचा, गुडघे रंगवून घ्यायचा. घरातलंच पोर वाटायचं.

आता दुसरी बाजू बघा. शेन वॉर्न. 2003 च्या वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलियाचा पहिला सामना होता, त्याच दिवशी बातमी आली की तपासणीत दोषी आढळल्यामुळे वॉर्न घरी परत चाललाय. त्याच्या शरीरात लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध सापडलं होतं. अशी औषधं दुसऱ्या उत्तेजकांच्या खुणा पुसायला वापरता येतात, म्हणून त्यांच्यावर बंदी असते. वॉर्न नुकताच खांद्याच्या दुखापतीतून उठला होता, त्यामुळे शंकेला जागा होतीच. त्याचं स्पष्टीकरण काय? बारीक दिसावं म्हणून आईने गोळी दिली! आमच्या वर्गातल्या पोरांनी गृहपाठ न करण्याची याहून बरी कारणं दिली होती. वर्षाची बंदी आली. वर्षभराने तो परतला, श्रीलंकेत गॉलला पाचशेवी विकेट घेतली, आणि जग पुन्हा टाळ्या वाजवायला लागलं. 2008 मध्ये पहिल्या आयपीएलची फायनल नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली आणि वॉर्नच्या राजस्थानने ती जिंकली, तेव्हा आमच्या सोसायटीत फटाके वाजले होते. राजस्थानशी आमचा संबंध काय? काही नाही. वॉर्नशी होता. मार्च 2022 मध्ये तो गेला त्या दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर त्याच्याविषयी भरभरून लिहिलं गेलं, पण त्या गोळीचा उल्लेख एकानेही केला नाही.

असं का होतं?

पहिलं उत्तर सोपं वाटतं. माइक गॅटिंगला 1993 मध्ये टाकलेला तो चेंडू कुठल्याही गोळीने पडत नाही. मनगट गोळीत मिळत नाही. म्हणजे औषध बाजूला काढलं तरी वॉर्नची कला उरतेच, म्हणून माफी. पटतं ना? मलाही बरेच दिवस पटत होतं. पण सायकलींच्या शर्यतीकडे वळलं की हे उत्तर पंक्चर होतं.

मार्को पंतानी हा इटलीचा डोंगर चढणारा सायकलस्वार. टक्कल, डोक्याला रुमाल, कानात बाळी. एकाच वर्षी, 1998 मध्ये, त्याने जिरो आणि टूर द फ्रान्स दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढच्या वर्षी जिरो संपायला दोन दिवस उरलेले, हा सगळ्यांच्या पुढे, आणि रक्ततपासणीत लाल पेशींचं प्रमाण ठरवून दिलेल्या 50 टक्क्यांच्या वर निघालं. शर्यतीबाहेर काढलं. असं रक्त दाट होण्यामागे ईपीओ नावाचं औषध असल्याचा संशय असतो. त्याने जास्त लाल पेशी, जास्त प्राणवायू आणि डोंगर सोपा. म्हणजे इथे औषध नेमकं त्याच गोष्टीला हात घालतं जिच्यावर लोक फिदा होते! तरीही इटली त्याला विसरली नाही. 2004 मध्ये रिमिनीच्या एका हॉटेलात तो मेलेला सापडला, वय अवघं 34. तेव्हापासून जिरोमधली एखादी चढण दरवर्षी त्याच्या नावाने राखून ठेवतात.

आणि त्याच डोंगरांवर, त्याच काळात, तेच औषध घेऊन सात टूर जिंकणारा लान्स आर्मस्ट्राँग? 2012 मध्ये त्याची सातही विजेतेपदं काढून घेतली, 2013 च्या जानेवारीत त्याने टीव्हीवर कबुली दिली, आणि तरी त्याचं नाव काढलं की लोकांच्या कपाळावर आठी येते ती येतेच.

औषध एक, काळ एक, मग फरक कशाचा?

मला वाटतं, फरक त्या औषधाच्या आजूबाजूला जे केलं त्याचा आहे. फिलिपो सिमियोनी नावाच्या साध्या सायकलस्वाराने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध साक्ष दिली होती. 2004 च्या टूरमध्ये तो पुढच्या टोळीत जायला निघाला, तर पिवळी जर्सी घातलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागे गेला आणि त्याला परत फिरवूनच थांबला. ओठांवरून चेन ओढल्याची खूणही केली. त्याच्या संघात मालिश करणाऱ्या एमा ओ'रायलीने खरं सांगितलं, तर तिला कोर्टात खेचलं, तिच्याबद्दल वाटेल ते बोलला. पंतानीने नुकसान केलं असेल, पण शेवटी तो स्वतःलाच संपवत गेला. आर्मस्ट्राँगने दुसऱ्यांना चिरडलं. लोक खोटं एकवेळ गिळतात, माज गिळत नाहीत.

पण इथेही आमच्या घरात एकमत नाहीच. माझ्या काकूला कॅन्सर झाला तेव्हा चुलतभावाने तिला अमेरिकेतून तो पिवळा रबरी पट्टा आणून दिला होता. केमोच्या सगळ्या दिवसांत तो तिच्या हातात होता. आर्मस्ट्राँगची कबुली आली त्या दिवशी काका इतके चिडले की पेपर भिरकावला. "आपण या लफंग्याच्या नावाने धीर धरत होतो!" काकू शांतपणे म्हणाली, "कॅन्सर तर खरा होता ना त्याचा? शर्यत त्याने इतरांची चोरली. माझी नाही चोरली." काकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे अजूनही नाही.

आता लंडन, 2017. शंभर मीटरची फायनल. बोल्टची शेवटची मोठी वैयक्तिक शर्यत. जस्टिन गॅटलिन ट्रॅकवर आला आणि अख्ख्या स्टेडियमने हुर्यो उडवली. त्याच्यावर दोनदा बंदी आली होती हे खरं. पहिल्या वेळी लक्ष एकाग्र होण्यासाठी लहानपणापासून चालू असलेलं औषध होतं, दुसऱ्या वेळी टेस्टोस्टेरॉन. त्याने 9.92 सेकंदांत शर्यत जिंकली आणि बोल्टसमोर गुडघा टेकला, तरी आरडाओरडा थांबेना. त्याच शर्यतीत चौथा आलेला जमैकाचा योहान ब्लेक 2009 मध्ये उत्तेजकासाठी तीन महिने बाहेर बसला होता. त्याच्या नावाने कुणी ओरडल्याचं मला तरी टीव्हीवर ऐकू आलं नाही. म्हणजे प्रत्येक गोष्टीत एक खलनायक लागतो, आणि तो एकच पुरतो!

शिवाय 'आपला' आणि 'परका' हे आहेच. 2016 मध्ये रिओत नरसिंग यादववर चार वर्षांची बंदी आली. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी काहीतरी मिसळलं असं त्याचं म्हणणं होतं, आणि क्रीडा लवादाला ते पटलं नाही. सांगलीच्या माझ्या मामांना मात्र आजही शंभर टक्के पटतं. "पोराला फसवलंय," विषय संपला. हेच एखाद्या रशियन मल्लाने सांगितलं असतं तर मामा पोट धरून हसले असते.

इथवर सगळं गमतीचं वाटतं. पण मला खटकणारी गोष्ट पुढेच आहे. क्रिस्तोफ बासोन्स हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? 1998 च्या टूरमध्ये फेस्टिना संघाचं औषधांचं कोठार उघडं पडलं. त्या संघात जे काही मोजके औषध न घेणारे होते, त्यातला हा एक. पुढच्या वर्षी त्याने वर्तमानपत्रात खरं लिहिलं, तर इतर सायकलस्वारांनी त्याला वाळीत टाकलं, आर्मस्ट्राँगने शर्यत चालू असतानाच घरी जायला सांगितलं. तो गेलाही. काही वर्षांत त्याने सायकलच सोडली. आणि त्याच फेस्टिना संघाचा म्होरक्या रिशार विरेंक? दोन वर्षं नाही नाही म्हणत राहिला, 2000 मध्ये कोर्टात कबूल झाला, बंदी भोगून परतला आणि रस्त्याच्या कडेला फ्रेंच लोक पुन्हा त्याच्या नावाचे फलक धरून उभे! रडणाऱ्या पाप्याला आपण जवळ घेतो. पापच न करणाऱ्याची गोष्ट सांगायला कुणाला वेळ नसतो.

आपली माफी किती स्वस्त असते बघा. वॉर्नला माफ करताना माझ्या खिशातून काय गेलं? काहीच नाही. ज्याचं गेलं त्याला कुणी विचारत नाही.

अपवाद एकच आठवतो. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये योगेश्वर दत्त रशियाच्या बेसिक कुदुखोवकडून हरला, मग सुजलेला डोळा घेऊन रेपेचाजमधून लढत कांस्यपदकापर्यंत पोचला. कुदुखोवला रौप्य मिळालं. 2013 मध्ये कुदुखोव अपघातात गेला. 2016 मध्ये त्याचा जुना नमुना दोषी निघाल्याची बातमी आली आणि रौप्य योगेश्वरकडे येणार असं बोललं जाऊ लागलं. त्यावर योगेश्वरने जाहीर सांगितलं की ते पदक त्याच्या घरच्यांकडेच राहू द्या, माणुसकी मोठी. पुढे मृत खेळाडूवरची कारवाई थांबली आणि पदक तिकडेच राहिलं.

मला माफी म्हणावी अशी ही एकच दिसते. ज्याचं हिरावलं गेलं, त्याने दिलेली. आपण प्रेक्षक देतो ते नुसतं लाडाचं लोणचं. ते द्यायला काही हरकत नाही, वॉर्नचे जुने व्हिडिओ मीही रात्री जागून बघतो आणि बघणारच. फक्त त्याला न्याय म्हणू नये. आणि कधी सवड झाली तर बासोन्ससारख्या एखाद्याचं नाव घरातल्या पोरांना सांगावं. एवढंच.