पाणी जातं कुठे?

आमच्या बॉयलरमध्ये पाणी टिकत नव्हतं. काचेच्या नळीत अर्ध्यापर्यंत भरलेलं पाणी एक-दोन दिवसांत तळाला जायचं, मग सुरक्षेचा स्विच बर्नर बंद करायचा आणि ऐन जानेवारीत घर गार पडायचं. बेसमेंटमध्ये उतरायचं, व्हॉल्व्ह उघडून पाणी भरायचं, घर तापायचं, की परत तेच.

न्यू जर्सीतल्या ब्लूमफिल्डचं आमचं घर १९२०च्या दशकातलं. ते वाफेवर तापतं. खाली गॅसवर चालणारा बिडाचा बॉयलर आणि खोल्याखोल्यांत बिडाचे जाडजूड रेडिएटर. या व्यवस्थेत पंप नाही की पंखा नाही. पाण्याची वाफ होते तेव्हा तिचं आकारमान सुमारे १,७०० पट होतं, त्या जोरावरच ती दोन मजले चढते. रेडिएटरच्या बाजूच्या छोट्या व्हेंटमधून आधी हवा बाहेर पडते, वाफ पोचली की व्हेंट आपोआप मिटतो. वाफेचं पाणी होताना तिच्यातली उष्णता खोलीला मिळते आणि ते पाणी उताराने त्याच पाइपातून खाली उतरून परतीच्या पाइपाने बॉयलरला मिळतं. दाब लागतो तो दोन पीएसआयपेक्षाही कमी. इतकी साधी आणि इतकी विचारपूर्वक केलेली रचना मी दुसरी पाहिलेली नाही, आणि ती मोडीत काढायची वेळ आली तर कारण पक्कं हवं असं मला पहिल्यापासून वाटत होतं.

पहिल्या कंपनीच्या माणसाने बेसमेंटमध्ये पाच मिनिटं घालवली. वाफेचा जमाना गेला, म्हणाला. बॉयलर, रेडिएटर, पाइप सगळं काढा, भिंतींतून डक्ट फिरवा, गरम हवेची फर्नेस बसवा, गॅसचं बिल निम्म्यावर येईल. कोट तीस हजार डॉलरच्या वर. दुसऱ्याने बॉयलरवरची पाटी वाचली आणि तेवढ्याच क्षमतेचा नवा बॉयलर सांगितला. दोघांनाही मी एकच विचारलं, पाणी जातं कुठे? "जुना झालाय" यापलीकडे उत्तर आलं नाही.

सासूबाई त्या हिवाळ्यात साताऱ्याहून आमच्याकडे आल्या होत्या. शाल गुंडाळून जिन्यात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या कंपनीचा माणूस गेल्यावर म्हणाल्या, "अगं, बंब रिकामा का होतोय ते कळल्याशिवाय नवा आणून काय करणार? तोही रिकामाच होणार ना?"

"तेच म्हणतेय मी, आई," मी म्हटलं. "पण बघायला कोणी तयार नाही."

शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीने एक म्हातारे गृहस्थ मिळाले. उभा जन्म वाफेच्या कामात गेलेला. ते आले ते आधी घरात शिरलेच नाहीत. रस्त्यावर उभं राहून धुराड्याकडे बघत बसले. धुराड्यातून दाट पांढरा लोट निघत होता. "पाण्याचा एक रस्ता तो," म्हणाले. मग खाली येऊन त्यांनी बर्नर बंद केला, बॉयलर निवू दिला, आणि नेहमीच्या पातळीच्या बऱ्याच वरपर्यंत त्यात पाणी भरलं. बर्नरसमोरचं झाकण काढून टॉर्च आत धरला आणि मला वाकून बघायला सांगितलं. काळ्याकभिन्न बिडावरून तांबूस ओघळ उतरत होता. त्याच्या टोकाशी थेंब जमायचा, फुगायचा, बर्नरच्या नळीवर टप्पकन पडायचा. पाण्याच्या नेहमीच्या रेषेच्या जरासं वर बीड सडून भोक पडलं होतं. वाफ तिथून सुटायची आणि धुराड्यावाटे थेट आभाळात जायची.

इथे दुसरा कोणी असता तर सामान आवरून नव्या बॉयलरचा कोट लिहायला बसला असता. ते एका उपड्या बादलीवर बसले आणि काचेच्या नळीकडे बघत राहिले. पाणी भोकाच्या खाली उतरलं, थेंब थांबले, पण नळीतली पातळी उतरतच होती. बॉयलर थंड, वाफ नाही, तरी पाणी कमी होत होतं. मग एका ठरावीक उंचीला येऊन ते थांबलं. त्यांनी त्या उंचीवरच्या पाइपच्या जोडावर बोट ठेवलं. परतीचा पाइप बॉयलरला तळाशी सरळ न जोडता असा वळसा देऊन वर जोडतात, त्याला हार्टफर्ड लूप म्हणतात. बॉयलरचा विमा उतरवणाऱ्या हार्टफर्डच्या कंपनीने १९१९ साली तो सुचवला. परतीचा पाइप फुटला तरी बॉयलरमधलं पाणी या जोडाच्या खाली जाऊ नये, ही त्यातली युक्ती. म्हणजे गळती परतीच्या पाइपात होती, आणि आमचा तो पाइप बेसमेंटच्या काँक्रीटखालून गेला होता.

मग सगळी साखळी उलगडली. जमिनीखालचा पाइप बरीच वर्षं झिरपत असणार. जेवढं पाणी जाई तेवढं नवं भरलं जाई. एकदा उकळलेल्या पाण्यात ऑक्सिजन उरत नाही, ते आत फिरत राहिलं तर बिडाला फारसं खात नाही. नळाचं ताजं पाणी मात्र दर वेळी नवा ऑक्सिजन घेऊन येतं, आणि पाण्याच्या रेषेशी बीड कुरतडलं जातं. बॉयलर नुसत्या वयाने गेला नव्हता. दुसऱ्या कंपनीचं ऐकून नुसता बॉयलर बदलला असता तर त्या पाइपाने नवाही खाल्ला असता.

दुरुस्ती की बदल, हा प्रश्न आम्ही सबंध व्यवस्थेला मिळून विचारत होतो. खरं तर तो एकेका भागाला विचारायचा होता. बॉयलर बदलायचा, कारण एक भाग बदलून भागणार नव्हतं; बाकीचे भागही तेच पाणी पीत आले होते. जमिनीखालचा पाइप सोडून द्यायचा आणि नवा भिंतीलगत, डोळ्यांसमोर न्यायचा. रेडिएटर आणि वर जाणारे पाइप ठणठणीत होते, त्यांना हात लावायचा नाही. बेसमेंटमधल्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं जुनं वेष्टन आहे. ते शाबूत आहे तोवर न डिवचलेलं बरं, आणि डक्टच्या योजनेत ते सगळंच उचकटावं लागलं असतं, तेही परवानाधारक माणसांकडून.

बिल निम्म्यावर येईल, या बोलण्याचाही मी छडा लावला. ९५ टक्क्यांच्या पुढची कार्यक्षमता मिळते ती धुरातली वाफ थंड होऊन तिची उष्णता परत मिळते तेव्हा. वाफेच्या बॉयलरकडे परतणारं पाणीच इतकं गरम असतं की ते जमत नाही. गॅसवरच्या नव्या वाफेच्या बॉयलरला अमेरिकेत किमान ८२ टक्क्यांची अट आहे आणि बाजारातले बॉयलर त्याच्या आसपासच असतात. आमचा मोठा फायदा होणार होता तो योग्य मापाचा.

वाफेचा बॉयलर घराच्या चौरस फुटांवरून निवडत नाहीत, रेडिएटरांवरून निवडतात. म्हणून एका संध्याकाळी टेप घेऊन मी घरभर फिरले. आई वहीत लिहीत होत्या. जेवणघरातला रेडिएटर ३८ इंच उंच, दोन कॉलमचा, १० कप्प्यांचा. अशा एका कप्प्याचा उष्णता देणारा पृष्ठभाग ४ चौरस फूट धरतात, म्हणजे ४०. प्रत्येक चौरस फुटाला ताशी २४० बीटीयू उष्णता, म्हणजे ९,६००. अशी सगळी बेरीज केल्यावर कळलं की जुना बॉयलर गरजेच्या जवळजवळ दीडपट होता. म्हणून तर बर्नर सारखा चालू-बंद व्हायचा आणि व्हेंट पाणी थुंकायचे. नवा बॉयलर त्या वहीतल्या आकड्यावरून घेतला. नव्या बॉयलरच्या लगतचे वरचे पाइप तांब्याचे नकोत, लोखंडीच हवेत, आणि पहिल्या आठवड्यात आतलं तेलकट पाणी वरच्या वर काढून टाकायचं, या दोन गोष्टींवर म्हातारबाबा अडून बसले. तेल राहिलं तर पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर उसळून पाइपात जातं.

आता नळीतलं पाणी महिनोन्‌महिने जवळपास जागचं हलत नाही. वरच्या मजल्यासाठी हीट पंप बसवायचा आमचा विचार आहे. उन्हाळ्यात गारवा मिळेल, सौम्य थंडीत तोच खोल्या तापवेल, आणि कडाक्याच्या दिवसांत वाफ आहेच. त्यासाठी कोट मागवताना मी प्रत्येकाला अट घालते आहे, की आधी एकेका खोलीला किती उष्णता लागते ते मोजा आणि तो हिशेब मला लेखी द्या. आतापर्यंत एकच जण टेप घेऊन आला आहे. काम त्यालाच द्यायचं ठरतंय.