घडी मोडण्यापूर्वी

तंजावरच्या राजवाड्याभोवती चार राजवीथी आहेत. त्यांपैकी पश्चिमेकडच्या वीथीत, जिला तमिळमध्ये मेल वीथी म्हणतात, अजूनही काही घरांतून मराठी ऐकू येते. दारावरच्या भाजीवालीशी तमिळ, देवघरात संस्कृत आणि स्वयंपाकघरात मराठी अशी तिथल्या भाषांची वाटणी आहे. अशाच एका घरात नातीचे लग्न ठरले. नात चेन्नईला नोकरी करणारी. लग्नाची साडी ती तिथल्याच एखाद्या मोठ्या दुकानातून एका दुपारी घेऊन येणार होती. आजींनी एवढेच म्हटले, "बाकीचं सगळं तुम्ही घ्या. लग्नाचं लुगडं मी पाहिल्याखेरीज यायचं नाही." ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा हट्ट म्हणून घरच्यांनी तो मानला. तो हट्ट नव्हता. पण हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

आजींच्या तीन अटी होत्या. लुगडे नऊवारी हवे, हातमागाचे हवे आणि शुद्ध हवे. पहिल्या दोन अटी कोणालाही समजण्याजोग्या होत्या. तिसरीचा अर्थ मात्र प्रत्येकाने आपापला लावला. रेशमी वस्त्राच्या बाबतीत 'शुद्ध' हा शब्द जितका सैलपणे वापरला जातो तितका सोन्याच्या किंवा तुपाच्या बाबतीतही वापरला जात नसेल.

व्यंकोजी राजे भोसले यांनी इ.स. १६७६ च्या सुमारास तंजावरात राज्य स्थापिले आणि १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे पुत्राविना वारल्यावर ते संपले. या पावणेदोनशे वर्षांच्या राज्याने मागे काय ठेवले असे विचारले, तर अभ्यासक सरस्वती महालाकडे बोट दाखवितात. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेल्या मराठी शिलालेखाकडे दाखवितात. ते योग्यच आहे. पण राज्य गेल्यानंतरची एक हकीकत फारशी कोणी सांगत नाही. १८५६ च्या ऑक्टोबरात कंपनीच्या अधिकाऱ्याने शिपायांसह येऊन राजवाड्यातील मालमत्तेवर मोहोरा लावल्या. राज्याची मालमत्ता कोणती आणि कुटुंबाची खाजगी कोणती, हा भेद त्याने केला नाही. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी त्याविरुद्ध दावा लावला. तो लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ मध्ये निकाल लागला की हे राज्यसत्तेने केलेले कृत्य असून त्याचा न्याय करणे कोणत्याही न्यायालयाच्या अधिकारात नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवितात. खाजगी मालमत्ता पुढे सरकारने परत केली, ती हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून. बाईच्या पेटीत असलेले बाईचेच असते, हा समज किती नाजूक पायावर उभा आहे, हे त्या शहरातील मराठी घरांना तेव्हाच कळले असावे. पेटीत दागिन्यांखालोखाल किमतीची वस्तू म्हणजे जरीचे लुगडे.

तंजावरहून कुंभकोणम सुमारे चाळीस किलोमीटर. वाटेत अय्यमपेट्टै, पापनाशम, मग दारासुरम. कुंभकोणमच्या पलीकडे मायिलाडुतुरैच्या वाटेवर सात-आठ किलोमीटरवर तिरुभुवनम. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मंदिर तिथे आहे. मंदिर पाहायला येणाऱ्यांपेक्षा साड्या घ्यायला येणारे अधिक, असे तिथे थोडा वेळ उभे राहिले तरी वाटते. या सगळ्या पट्ट्यात सौराष्ट्र समाजाचे विणकर आहेत. हे लोक गुजरातेतून निघाले आणि पिढ्यान्पिढ्या दक्षिणेकडे सरकत आले, अशी त्यांची परंपरा सांगते. मंदसोरला पाचव्या शतकातला एक शिलालेख आहे. लाट देशातून आलेल्या रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने तिथे सूर्यमंदिर बांधल्याची आणि पुढे त्याची दुरुस्ती केल्याची हकीकत त्यात आहे. आजच्या विणकरांचे नाते थेट त्यांच्याशी जोडणे धाडसाचे होईल. परंतु रेशमामागे माणसे देशांतर करीत, एवढे त्यावरून निश्चित दिसते. सौराष्ट्रांची बोली ऐकताना मराठी माणूस क्षणभर थबकतो. शब्द ओळखीचे वाटतात, वाक्य निसटते. आजींना मात्र ती बोली बरीचशी कळत असे. बालपणी शेजारच्या घरात माग होता.

पहाटे या गावांतून गेले तर रस्त्यावरच ताणा ताणलेला दिसतो. दोन टोकांच्या खुंट्यांमध्ये रेशमाचे हजारो उभे धागे, आणि तुटलेला धागा शोधीत त्यांच्यामधून हळूहळू सरकणारी माणसे. ऊन चढण्यापूर्वी हे काम आटोपावे लागते. कावेरीच्या पाण्याने रंगाला तेज चढते, असे इथले लोक मानतात. गाडीतून ते दिसले तेव्हा नातीने छायाचित्र घेतले. आजींनी काच खाली करून रंग पाहिला.

तिरुभुवनमच्या विणकरांची सहकारी संस्था १९५५ सालची, आणि तिथल्या रेशमी साडीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. या साडीची एक खूण अगदी साधी आहे, ती म्हणजे तिची घडी. कांचीपुरमची साडी चौकोनी घडीत येते. तिरुभुवनमची पंख्यासारख्या चुण्यांची, जिला 'विसिरि मडिप्पु' म्हणतात. ही घडी घालणे हीसुद्धा एक कारागिरी आहे. एकदा उलगडली की घरच्या माणसाला पुन्हा तशी जमत नाही.

दुकानात गादीवर बसल्यावर विक्रेत्याने सहावारी साड्यांचा ढीग लावला. नऊवारी मागताच तो आत गेला आणि सात-आठच घेऊन आला. सव्वाआठ मीटरचे कापड विणायला मागही तेवढा वेळ अडतो आणि गिऱ्हाईक मोजके. लग्नात मडिसार नेसणाऱ्या तमिळ ब्राह्मण मुली आणि अधूनमधून तंजावरचे एखादे मराठी घर. अरक्कू म्हणजे लाखेचा गर्द तांबडा रंग, मोराच्या मानेचा रंग, डाळिंबी, हळदीचा. काठांवर रुद्राक्ष, हंस, केवड्याच्या पानाचे दाते. विक्रेता एका काठाला गोपुराचा काठ म्हणाला. नागपूरकडची बाई त्याच त्रिकोणी दात्यांना करवत म्हणाली असती. एकीला देऊळ दिसते, दुसरीला सुताराचे हत्यार.

आजींनी एकही लुगडे सुलट बाजूने पाहिले नाही. प्रत्येकाचा काठ उलटून त्यांनी मागची बाजू वर घेतली. अंग एका रंगाचे आणि काठ दुसऱ्या रंगाचे असे वस्त्र हातमागावर विणायचे, तर तीन धोटे लागतात. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. पलीकडचा धोटा फेकायला दुसरे माणूस लागते. काठाचा धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक फेऱ्याला एकमेकांत अडकवीत जावे लागते. या विणीला तमिळमध्ये 'कोर्वै' म्हणतात. तो सांधा उलट बाजूने बोटाला किंचित लागतो. मग त्यांनी किनारीवरची बारीक छिद्रे शोधली. विणताना कापडाची रुंदी आवळू नये म्हणून मागावर आडवी पट्टी लावतात आणि तिच्या टोकांच्या सुया काठात रुततात. त्यांच्या या खुणा. यंत्रमागाची साडी याहून सफाईदार दिसते, आणि तीच फसवणुकीची जागा आहे. हातमागासाठी काही वस्त्रे राखून ठेवणारा कायदा १९८५ चा. तरी यंत्रावरचा माल हातमागाचा म्हणून विकला जातोच. अंगठीतून साडी ओढून दाखविण्याचा जो खेळ काही दुकानांतून चालतो त्याचा तर काहीच उपयोग नाही. भरगच्च जरीचा काठ अंगठीत अडकतो आणि नायलॉन सुळकन बाहेर येते.

नातीने साडीला लावलेली चकचकीत खूणचिठ्ठी दाखविली. सिल्क मार्क ही खूण २००४ पासून केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने दिली जाते. ती रेशमाची ग्वाही देते. हातमागाची ग्वाही देणारी खूण वेगळी, २००६ पासूनची. जरीबद्दल यांपैकी एकही काही सांगत नाही. रेशीम अस्सल, माग हाताचा आणि जर तांब्याची, असे वस्त्र दोन्ही खुणा मिरवू शकते. आजींनी चिठ्ठी वाचली, मान हलविली आणि काठाच्या टोकाशी सुटलेला जरीचा एक धागा नखाने उलगडला. आत तांबडे रेशीम निघाले. चांदीची तार ओढून, चापट करून तिचा बादला करायचा, तो तांबड्या रेशमावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचे पाणी चढवायचे. जुनी मराठी माणसे याला कलाबतू म्हणत. आता ती बहुतेक सुरतेहून येते. आत पांढरे सूत निघाले तर समजायचे, बाहेर चांदी नाही.

"हे तुला कोणी शिकविलं?" नातीने विचारले.

आजींनी जे सांगितले ते घरात पूर्वी कोणी ऐकले नव्हते. त्यांच्या लग्नातले लुगडे अरक्कू रंगाचे होते, वीतभर काठाचे. लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी आजोबा आजारी पडले आणि दुखणे लांबले. दागिने आधीच गेले होते. तंजावरच्या गल्ल्यांतून तेव्हा जुन्या जरीची लुगडी घेणारे फिरत, अजूनही फिरतात. त्यांना वस्त्र नको असते, काठ हवे असतात. त्यांपैकी एकाने ओसरीवर बसून नखाने धागा उलगडला, तांबडे रेशीम पाहिले, कसोटीच्या दगडावर घासले आणि भाव सांगितला. पटत नसेल तर जाळून दाखवितो, म्हणाला. त्याने काठाची एक पट्टी कापली आणि परसात जाळली. जळत्या केसांचा वास आला. रेशमाची राख बोटांत चुरडून गेली आणि खाली चांदीचा पांढरा गोळा राहिला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. "तेव्हा कळलं शुद्ध म्हणजे काय ते," आजी म्हणाल्या. "बाबांनी फसवलं नव्हतं."

त्या पैशात महिना निघाला की दोन, हे त्यांनी सांगितले नाही. उरलेल्या अंगाच्या कापडाचे दोन परकर शिवले, तेवढे सांगितले.

नातीच्या मनात आणखी एक प्रश्न होता आणि तो तिने तिथेच काढला. एका लुगड्यासाठी हजारो कोश कोंबून किंवा उकळून आतला जीव मारावा लागतो. कांचीच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींनीही याच कारणाने रेशीम सोडण्याचा उपदेश केला होता, आणि त्यांचा मठ दीर्घकाळ या कुंभकोणमातच होता. आजींना हे ठाऊक होते. त्यांच्या ओळखीच्या एका घरात त्या उपदेशानंतर कोणी नवे रेशीम घेतले नाही. त्यांनी प्रश्न टाळला नाही आणि उत्तरही दिले नाही. "घ्यायचं तर असं घे की पन्नास वर्षं टिकेल," एवढेच म्हणाल्या. हा युक्तिवाद म्हणून लंगडा आहे. पण तीन वर्षांत विरणाऱ्या आणि दर दिवाळीला बदलणाऱ्या रेशमापेक्षा तो जिवाची किंमत अधिक ओळखतो.

शेवटी दोन उरली. हळदीच्या रंगाचे एक आणि अरक्कू एक. नातीने हळदीचे उचलले होते. मग ते खाली ठेवून तिने अरक्कूचा पदर ओढला आणि आरशाकडे वळण्याऐवजी तो आजींच्या खांद्यावर टाकला. नव्या वस्त्राची घडी सवाष्णीने किंवा कुमारिकेने मोडावी आणि विधवेने तर लग्नाच्या लुगड्याला हातही लावू नये, हा जुना दंडक आजींनी चाळीस वर्षे पाळला होता. दुकानभर माणसे होती. त्यांचा हात पदर काढून टाकायला वर गेला आणि काठावरच थांबला. अंगठा उलट बाजूचा सांधा चाचपीत राहिला.

"रंग कसा दिसतो ते बघत्येय," नात म्हणाली. "हलू नकोस."

किंमत देऊन झाल्यावर विक्रेत्याने लुगडे मांडीवर घेतले आणि पुन्हा एकेक चुणी पाडायला सुरुवात केली. मोठी पेटी आण, असे त्याने आतल्या पोराला सौराष्ट्री बोलीत सांगितले. पोराला ऐकू गेले नाही. आजींनी ते त्याच बोलीत पुन्हा सांगितले आणि पोरगा पेटी घेऊन आला.