पेन सुटले, पंप लागला

इन्सुलिन पंप हे साधारण लहान मोबाइलएवढे, कमरेला अडकवायचे यंत्र आहे. त्यात दोन-तीन दिवस पुरेल इतके इन्सुलिन भरलेले असते. यंत्रातून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या मऊ कॅन्युलापर्यंत जाते आणि तिच्यातून इन्सुलिन थेंबाथेंबाने, दिवसरात्र आत जात राहते. १९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी बनवलेला पंप पाठीवर वागवावा लागे. आजचा पंप शर्टाखाली दिसतही नाही.

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंड इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. इन्सुलिन टोचण्याच्या पेनवर असलेला रुग्ण त्यामुळे दिवसातून एकदा दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन घेतो आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारे. दीर्घकाळ चालणारे एकदा टोचले की पुढचा दिवसभर ते आपल्या चालीने काम करते. परत काढून घेता येत नाही. प्रस्तुत लेखकाचे काम खानदेशातल्या नरडाण्याच्या एमआयडीसीत, पाळीचे. रात्रपाळीत उभ्याने राबताना जेवढे इन्सुलिन पुरते, तेवढे सुट्टीच्या दिवशी कमी पडते. आणि सुट्टीला पुरणारे इन्सुलिन पाळीत शुगर खाली आणते. पहाटेची थरथर, घाम आणि खिशातली ग्लुकोजची पुडी हा वर्षानुवर्षांचा क्रम होता. त्यातच त्याच त्या जागी टोचून पोटावर गाठी झालेल्या. गाठीत टोचलेले इन्सुलिन कधी लवकर भिनते, कधी उशिरा, आणि मग कोणताच हिशेब जुळत नाही. पंपाचा सल्ला डॉक्टरांनी याच दोन कारणांसाठी दिला.

पंपात फक्त झटपट काम करणारे इन्सुलिन भरतात, तेही १०० युनिट प्रति मिली ताकदीचे. आपल्याकडे ४० युनिटच्या बाटल्याही सर्रास मिळतात, म्हणून लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडायची नाही. सुरुवातीचा डोस डॉक्टर पेनच्या डोसावरून काढतात. समजा, दिवसाला एकूण ४० युनिट लागत होती, तर पंपावर साधारण वीस टक्के कमी, म्हणजे ३२ धरतात. त्यातली निम्मी, १६ युनिट, चोवीस तासांत विभागली की ताशी सुमारे ०.६५ युनिट होतात. हा झाला ‘बेसल’. उरलेली निम्मी जेवणाच्या वेळी बटण दाबून द्यायची, तो ‘बोलस’. बेसल तासागणिक बदलता येतो. रात्रपाळीसाठी वेगळा आराखडा, सुट्टीसाठी वेगळा. पाळीच्या रात्री शुगर लो होणे ज्या सहजतेने कमी झाले, त्याचे मोल ज्याने तो पहाटेचा घाम अनुभवला आहे त्यालाच कळेल.

बोलससाठी ताटातली कर्बोदके मोजावी लागतात. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ती ३४ ग्रॅमच्या आसपास असतात. घरात भाकरीचा गोळा वजनकाट्यावर ठेवण्याची सवय लागली आणि आठवड्याभरात तेवढाच गोळा हाताला आपोआप येऊ लागला. वरण-बट्टी मात्र सहज हाती लागत नाही. तुपात कुस्करलेली बट्टी हळू पचते. जेवणानंतर दोन तास शुगर बरी दिसते आणि चौथ्या तासाला चढते. अशा जेवणाला बोलस विभागून देता येतो: काही भाग लगेच, उरलेला पुढच्या दोन-तीन तासांत. पेनवर यासाठी पुन्हा एकदा टोचून घ्यावे लागे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंगतीत बसायचे की नाही, हा प्रश्न त्यामुळे संपला.

खानदेशातली खरी कसोटी मे महिन्याची. पारा ४२-४३ वर जातो आणि अंगावरच्या नळीतले इन्सुलिनही तापते. ३७ अंशांच्या वर ते हळूहळू निकामी होऊ लागते. घामाने कॅन्युलाची चिकटपट्टी सुटते, ते वेगळेच. म्हणून उन्हाळ्यात नळी-कॅन्युलाचा सेट दोन दिवसांतच बदलावा, नळी कपड्याच्या आत ठेवावी आणि बाटल्या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवाव्यात. लाइट गेली तर चालू बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ. भरण्याआधी बाटली थोडा वेळ बाहेर काढून ठेवावी लागते. गार इन्सुलिन भरले की नळीत बुडबुडे धरतात, आणि जेवढा बुडबुडा तेवढे इन्सुलिन अंगात जात नाही.

पंपाचा मोठा धोका असा की शरीरात इन्सुलिनचा साठा नसतो. पुरवठा तुटला तर काही तासांतच रक्तात कीटोन वाढू लागतात. एकदा पाळीवर असताना कॅन्युला कातडीखाली दुमडली. पंप वाजला नाही. घशाला कोरड पडली, मग मळमळ. ग्लुकोमीटरवर ३२० आणि लघवीच्या पट्टीवर कीटोनचा जांभळा रंग. पंपातून डोस देऊन उपयोग नव्हता, कारण वाटच बंद होती. आधी पेनने इन्सुलिन, मग भरपूर पाणी, मग नवी कॅन्युला दुसऱ्या जागी, हा क्रम शिकवलेला होता आणि तोच कामी आला. उलट्या सुरू झाल्या तर मात्र घरी थांबू नये, थेट दवाखाना गाठावा.

पंपाची किंमत लाखाच्या घरात जाते आणि सेटचा खर्च दर महिन्याला चालूच राहतो. पगारदार घरालाही तो जड आहे. शेतमजुराच्या मुलाला तर पंप आजही दूरचा आहे, आणि ही गोष्ट मनाला लागते. सामान गावातल्या औषध दुकानात मिळत नाही, मागवावे लागते. म्हणून एक जादा सेट, सेल, पेन, सुया, ग्लुकोमीटर आणि कीटोनच्या पट्ट्या पिशवीत कायम असाव्यात. त्यात एक चिठ्ठीही हवी: चालू बेसलचे आकडे, आणि पंप बंदच पडला तर दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन किती घ्यायचे, तो डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस.